घर दाखवताना धनी कुठे असावा?

‘घर पाहावे बांधून’ असे बजावणाऱ्या आपल्या भाषेने घर विकून पाहण्याविषयी मात्र काहीच सांगून ठेवलेले नाही. ज्या काळात या म्हणी घडल्या त्या काळात घर सहसा विकले जात नसे. ते वाटले जाई, गहाण पडे किंवा पडून जाई. विकण्याची वेळ आलीच तर ती आपत्ती समजली जाई, आणि आपत्तीचे शिष्टाचार कोणी आधी ठरवून ठेवत नाही. त्यामुळे नोकरीनिमित्त तालुक्याचे गाव सोडलेली आमच्यासारखी कुटुंबे मागे राहिलेले घर विकायला काढतात, तेव्हा एका साध्या प्रश्नाचेही तयार उत्तर त्यांना सापडत नाही. गिऱ्हाईक घर पाहायला येईल तेव्हा घरधन्याने घरात असावे की नसावे?

आम्ही तीन भावंडे. एक पुण्यात, एक नागपुरात, एक अमरावतीत. घर दर्यापुरात, बनोसा भागात. वडील शाळामास्तर होते. १९८३ साली त्यांनी ते बांधले. पुढे ओटा, ओट्यावर बंगई, आत बैठक, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, विहीर आणि एक कडुनिंब. वडिलांना जाऊन पाच वर्षे झाली आणि गुडघ्यांनी आईला ओट्याच्या तीन पायऱ्याही जड करून टाकल्या, तेव्हा तिने अमरावतीला मुलीकडे राहायला यावे आणि घर विकावे असे ठरले. ते साल २०२४. गावातल्या एका एजंटला आम्ही काम सांगितले आणि श्रावणात पहिली पार्टी घर पाहायला येणार असा निरोप आला. निरोपासोबत एक सूचनाही होती.

“त्या दिवशी आईले घरात ठेवू नका जी,” एजंट म्हणाले. “माणूस घर पाहाले येते, म्हातारीच्या डोयातलं पाणी पाहाले नाही.”

वाक्य कठोर होते, पण त्यामागची कारणे त्यांनी एकेक करून सांगितली आणि ती सारी टाकाऊ नव्हती. धनी घरात असला की बोलत सुटतो. कोणत्या खोलीत कोणाचे बारसे झाले हे सांगताना आपली घाई किती, आपला जीव किती अडकला आहे आणि आपण कितीपर्यंत खाली येऊ, हेही तो नकळत सांगून जातो. दुसरे असे की येणारा मोकळेपणी पाहू शकत नाही. न्हाणीचे दार उघडायलाही तो संकोचतो, नाक मुरडायचे असेल तर बाहेर जाऊन मुरडतो, आणि जे तोंडावर विचारता आले नाही त्याची मनातल्या मनात किंमत कापतो. तिसरे कारण अनुभवी माणसाचे होते. जिथे धनी दिसतो तिथे गिऱ्हाइकाला घर दुसऱ्याचे वाटते. रिकाम्या घरात तो आपला पलंग मांडून पाहतो.

अमेरिकेत हीच रीत पक्की झालेली आहे. तिथल्या आमच्या नातेवाइकांनी घर विकले तेव्हा दारावर एक छोटी पेटी लटकवली होती, तिच्यात किल्ली. गिऱ्हाइकाचा एजंट किल्ली काढून घर दाखवी, आणि धनी तेवढा वेळ कुठल्यातरी दुकानात फिरत राही. देवघर झाका, फोटो उतरवा, स्वयंपाकाचा वास राहू देऊ नका, अशाही सूचना त्यांना मिळाल्या होत्या. घरात कोणी राहते याची खूण जितकी कमी तितकी किंमत चांगली, असा तो हिशेब. दर्यापूरच्या एजंटने हा हिशेब कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. व्यवहारानेच तो त्यांना शिकवला होता, म्हणून आम्ही तो गंभीरपणे घेतला.

पहिल्या पार्टीच्या वेळी आई शेजारी जाऊन बसली. आमच्यापैकी एकाने दार उघडले आणि तो ओट्यावर थांबला. आत नवरा, बायको आणि नवऱ्याचा भाऊ मनसोक्त बोलत होते. स्वयंपाकघर पाडून मोठे करावे लागेल, देवघराच्या जागी फ्रिज बसेल, निंब तोडला तर मागे गाडी उभी राहील. ऐकताना बरे वाटले असे म्हणवत नाही, पण त्यांच्या बोलण्यात गैर काहीच नव्हते. ज्याला तीस-चाळीस वर्षे एका भिंतीकडे पाहायचे आहे त्याला ती भिंत मनात पाडून पाहण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार आईच्या देखत त्यांना बजावता आला नसता. एजंटचे निम्मे म्हणणे इथे खरे ठरले.

उरलेले निम्मे त्याच स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी अडले.

दर्यापूरची माती काळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही भारी, चिकण माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात अशा भेगा पडतात की गुराख्याची काठी आत जाते. शेतात पडणारी भेग घराच्या पायाखालीही पडत असते. उथळ पायावर उभी असलेली भिंत त्या ओढाताणीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते, आणि पाऊस लागून माती फुगली की तीच भेग पुन्हा मिटत येते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला अशी एक भेग आहे. अक्षय्य तृतीयेला तिच्यात बोटाचे टोक शिरते. पोळ्याला ती केसाएवढी दिसते, आणि तीही भिंतीवर कॅलेंडर टांगलेले नसेल तर. पहिली पार्टी आली ती श्रावणात, आणि कॅलेंडर टांगलेले होते.

एजंटला भेग ठाऊक होती. त्यांचे म्हणणे असे की दर्यापुरात भेग नसलेले घर दाखवा आणि बक्षीस घ्या. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कशाला उगाळायचे? विहिरीबद्दलही हेच. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेल्या खारपाणपट्ट्यात दर्यापूर येते. आमच्या विहिरीचे पाणी खारे आहे; धुण्याभांड्यांना चालते, पिण्याला आणि डाळ शिजवायला नाही. पिण्याचे पाणी शहानूर धरणावरून नळाने येते. मागच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लोणा लागतो आणि दर दोनतीन वर्षांनी गिलाव्याचे पोपडे सुटतात. गावच्या माणसाला यातले काही नवे नाही. पण घर पाहायला येणारा प्रत्येक जण गावचा असतोच असे नाही. बँकेत किंवा शाळेत बदलून आलेल्या कोकणातल्या किंवा खानदेशातल्या माणसाला काळ्या मातीचे हे ऋतुमान कोण सांगणार?

आपल्या कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि अगदी पहिले कर्तव्य असे की मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात असलेला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळला नसता, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. असा दोष न सांगणे ही लबाडी समजावी, असे तेच कलम शेवटी म्हणते. घेणाऱ्यानेच सावध राहावे, हे जुने तत्त्व इथे पुरेसे मानलेले नाही. साधारण काळजीने न कळणारा दोष म्हणजे काय, याचे श्रावणात मिटणाऱ्या भेगेहून सोपे उदाहरण आम्हाला तरी सापडत नाही.

आता हे कर्तव्य ज्याच्यावर आहे तो विकणारा. ज्याला दोष ठाऊक आहे तोही विकणाराच. आणि घर दाखवताना ज्याला बाहेर पाठवायचे तोही तोच. घराची लांबी-रुंदी, रस्त्याची रुंदी, शकुंतला ब्रॉडगेज झाली तर भाव किती वाढेल, हे एजंट सांगू शकतो. आणि मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची ती नॅरोगेज गाडी आता धावत नसली तरी तिच्या भवितव्यावर दर्यापुरातले बरेच सौदे अजून रंगतात. पण कोणत्या पावसात कोणत्या कोपऱ्यातून पाणी झिरपते, हे तिथे झोपलेल्या माणसालाच ठाऊक. जाणणाऱ्याला बाहेर बसवून न जाणणाऱ्याकडून घर दाखवायचे, तर कायद्याने सांगायला लावलेली गोष्ट सांगणार कोण आणि कधी?

आमच्यात यावर दोन रात्री फोन चालले. पुण्याचे मत असे की दोष लेखी सांगावा, इसारचिठ्ठीच्या मसुद्यात एक ओळ घालावी; आईने तिथे बसायचे काही कारण नाही. नागपूरचे मत असे की जो विचारील त्याला सांगावे, न विचारणाऱ्याच्या गळ्यात कशाला घालावे. अमरावतीने आईलाच विचारले.

“घर माहं, अन् मीच बाहेर बसू?” आई म्हणाली. एवढेच.

दुसरी पार्टी भाद्रपदात आली. सरकारी दवाखान्यात बदलून आलेली एक परिचारिका, तिचा नवरा आणि सासू. आई ओट्यावर बंगईत बसली होती. आम्ही त्यांना आत पाठवले आणि कोणीही मागोमाग गेलो नाही. वीस मिनिटांनी ती तरुणी बाहेर आली आणि तिने पहिला प्रश्न एजंटला न विचारता आईला विचारला, “काकू, नळ किती दिवसांआड येतो?” आईने उत्तर दिले, विहिरीचे पाणी खारे आहे तेही सांगितले, आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वयंपाकघरात गेली. कॅलेंडर बाजूला केले.

“पोरी, हे भित आता चांगली दिसते. पण उन्हायात फाटते. हे पाय.”

एजंटनी आमच्याकडे पाहिले. आम्ही भिंतीकडे पाहिले. कॅलेंडरखाली वडिलांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. दर अक्षय्य तृतीयेला ते भेगेच्या वरच्या टोकाशी एक बारीक रेघ ओढत आणि बाजूला साल लिहीत. १९८७ पासून १९९९ पर्यंत त्या रेघा पायऱ्या चढाव्यात तशा वर गेल्या होत्या. १९९९ नंतर २०१८ पर्यंतची सगळी साले एकाच रेघेच्या आजूबाजूला दाटीवाटीने लिहिलेली होती. भेग तिथेच थांबली होती. दर उन्हाळ्यात उघडे, दर पावसाळ्यात मिटे, पण वीस वर्षांत बोटभरही वर चढली नव्हती.

या खुणा आम्हाला ठाऊक होत्या. त्यांचा अर्थ व्यवहारात काय होतो हे त्या क्षणी उलगडले. ती भेग त्या बाईंना पुढच्या वैशाखात एकट्याने सापडली असती, तर घर कोसळते आहे असेच त्यांना वाटले असते. तीच भेग घरच्या बाईने दाखवली तेव्हा तिच्यासोबत तिची मर्यादाही दिसली. दोष सांगण्याने किंमत पडते हे खरे. पण दोष किती आणि कुठवर, हेही दोष भोगलेलाच सांगू शकतो. झाकलेल्या दोषाला अशी हद्द नसते. गिऱ्हाइकाच्या मनात तो वाढतच जातो.

खरे तर वऱ्हाडला ही रीत नवी नाही. बैलबाजारात बैल मुका असतो, म्हणून त्याचा धनी कासरा धरून उभा लागतो. दात पाहून वय कळते, पण बैल मारका आहे का, नांगराला कोणत्या बाजूने चालतो, हे धन्यालाच विचारतात. कापसाच्या बाजारात शेतकरी आपल्या गाडीपाशी उभा असतो आणि व्यापारी वरचा कापूस सोडून आतला मूठभर ओढून पाहतो. या बाजारांत धन्याला बाजूला सारून मधल्यामध्ये सौदे होऊ लागले, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरू लागले, तेव्हा व्यवहार उजेडात आणण्यासाठी नियम करावे लागले. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा खास कायदा झाला; बाजार समित्यांच्या देशभरातल्या कायद्यांची सुरुवात तिथून मानतात. कापसाच्या बाबतीत जो प्रदेश उघड्यावरचा सौदा इतक्या लवकर शिकला, त्याने घराच्या बाबतीत रुमालाखाली का जावे?

तरीही घरधन्याच्या हजेरीला एक काळी बाजू आहे, आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही. हजर असलेला धनी नुसता सांगत नाही, तो विचारूही लागतो. कोणत्या गावचे? आडनाव काय? पाटील म्हणजे कोणते पाटील? मटण-मासळी चालते का? आमच्या आळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला बजावलेही, की कोणालाही देऊन मोकळे होऊ नका, मागे राहणाऱ्यांचा विचार करा. एजंटही फोनवर “पार्टी आपल्यातलीच हाय” असे शिफारसपत्र जोडत असत. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, हे ज्या समाजाला पाठ आहे त्या समाजात दारात उभा राहून आडनाव विचारणारा धनी ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घराच्या विक्रीत वंश आणि धर्म पाहून भेद करण्यास मनाई केली. धनी आणि गिऱ्हाईक समोरासमोर न येण्याचा तिथे एक फायदा असाही आहे की असले प्रश्न विचारण्याची संधीच कमी मिळते.

म्हणून आम्ही घरात एक नियम केला होता. आपण विचारायचे नाही. विचारले तर सांगायचे, आणि न विचारता फक्त दोष सांगायचा. त्या परिचारिकेचे आडनाव आम्हाला इसारचिठ्ठी लिहिताना कळले, कारण तिथे ते लागतेच. आळीतल्या वडीलधाऱ्यांनी नंतर ते आम्हाला विचारले. आईने सांगितले, “मले तिचं काम माहीत हाय. दवाखान्यात हाय ते.”

सौदा मात्र त्या दिवशी झाला नाही. भेग उघडी असताना पाहू, असे त्या म्हणाल्या. एजंट आमच्यावर नाराज झाले आणि ते समजण्यासारखे होते. त्यांचा एक हंगाम गेला. आमच्यातल्या पुण्याचेही मत आजतागायत बदललेले नाही. आईच्या बोलण्याने आठ महिने आणि बरेच पैसे गेले, असे ते मत, आणि हिशेबाच्या वहीत ते बरोबर आहे. पुढच्या वैशाखात त्या बाई गवंड्याला घेऊन आल्या. त्याने भेगेत सुतळी घालून पाहिली, खुणा वाचल्या, भिंतीच्या बाहेरून फरशीचा उतार करून पावसाचे पाणी पायापासून दूर काढायला सांगितले आणि खर्चाचा आकडा दिला. तेवढी रक्कम किमतीतून वजा झाली. ती वजाबाकी आम्हाला तोटा वाटत नाही. ते पैसे आमचे कधी नव्हतेच. भेग न दिसण्याचे ते पैसे होते.

आता कोणी आम्हाला विचारले, तर आम्ही असे सांगू. धन्याने घरात असावे, पण घर पाहणाऱ्याच्या मागे मागे फिरू नये. दार उघडून ओट्यावर येऊन बसावे. आत जे बोलले जाईल ते बोलू द्यावे. भिंती पाडल्या जातील, निंब तोडला जाईल, ते ऐकण्याची तयारी नसेल तर अंगणाच्या टोकाला बसावे. आठवणी सांगू नयेत, कारण त्या विकायच्या नाहीत. आडनाव विचारू नये. पाहणारा बाहेर आला की त्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि तो निघण्यापूर्वी उठून जाऊन कॅलेंडर बाजूला करावे. चालवत नसेल तर बसल्या जागी सांगावे. तेही जमणार नसेल, घर कुलूपबंद असेल, धनी परदेशात असेल, तर लिहून द्यावे. पण मग खारे पाणी, लोणा, गळती, भेग, सगळेच लिहावे.

यात एक गंमतही आहे. खरेदीखत नोंदवायचे तर विकणाऱ्याला दुय्यम निबंधकांसमोर हजर व्हावेच लागते, फार तर कुलमुखत्यार पाठवता येतो. २००१ च्या दुरुस्तीपासून विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो व अंगठा त्या दस्तावर लागतो. म्हणजे घर सोडून देण्यासाठी धनी स्वतः हजर हवा, याविषयी सरकारला शंका नाही. घर कसे आहे हे सांगण्याच्या वेळी मात्र त्याने शेजारी जाऊन बसावे, असे व्यवहार म्हणतो. दस्तात चतुःसीमा येते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक, उत्तरेस तमुक. घराच्या आतले त्यात काही येत नाही. ते सांगायला माणूसच लागतो.

ज्येष्ठात नोंदणी झाली. अंगठा कॅमेऱ्याशेजारच्या यंत्रावर नीट उमटेना म्हणून आईला तो तीनदा ठेवावा लागला. त्या बाई तिच्याशेजारीच बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी अंगठा उमटला तेव्हा त्यांनी विचारले, “काकू, त्या खुणा पुढं चालू ठेवू का?” आई म्हणाली, “ठेव. अक्षय तीजेले पाहत जा.”